वासावरून साल

ऑस्ट्रेलियात बारा वर्षं काढून चिखलीत बंगला बांधलेल्या राजकुमारने मित्रांपुढे तिथल्या एकाच नामांकित रेड वाइनचे सहा ग्लास मांडले होते. प्रत्येक ग्लासातली वाइन वेगळ्या सालाची. घोट घेऊन घेऊन मित्र दमले, पण कुणालाच क्रम लावता येईना. तेवढ्यात त्याला सकाळीच उंद्रीहून आलेली आई दिसली.

"माय, तू सांग बरं, यातली जुनी कोणती?"

"माही चतुर्थी हाय रे बाबा."

"पिऊ नको ना, नुसता वास घे!" मित्र खो खो हसले.

रुखमाबाईंनी मनातल्या मनात गजाननाची माफी मागितली, एकेक ग्लास नाकाशी नेला आणि सहाही ओळीने लावून दिले. राजकुमारने बाटल्यांशी ताडून पाहिलं. एकही चुकला नव्हता.

"काकू, हे शिकल्या कुठं?"

"याच्या बापापाशी. कोणती ढोसली, किती ढोसली, दारातूनच ओळखा लागे. तवा कुठं लेकरायले लपवाले येळ भेटे."

राजकुमार खदखदून हसला आणि त्याने आईच्या गळ्यात हात टाकला. त्याचा श्वास नाकात गेला तशी ती हळूच हात सोडवून स्वयंपाकघरात आली.

"अश्विनी, पोरीले घेऊन आतल्या खोलीत जाय व माय. अन् आतून कडी लाव."

सुनेने कढईतून नजर वर केली नाही.

"कडी मागच्याच महिन्यात उखडून टाकली त्यायनं, आई."