घोळीची हाक

चार वर्षांनी गावाला मासेमारीची परवानगी मिळाली तेव्हा बंदरावर नारळ फुटले. एकटा हरेश मात्र गर्दीच्या मागेच उभा राहिला.

समुद्रात पेरलेले यंत्रांचे कान रात्रंदिवस मासे ऐकत असत. घोळ माशाचे पुरेसे आवाज भरले की गावाच्या होड्या सुटत, नाहीतर दर्या बंद. वाट पाहून कंटाळलेल्या हरेशने गेल्या महिन्यात एका कानाजवळ छोटा स्पीकर बुडवून ठेवला होता. त्यातून घोळीचा जुना, टिपून ठेवलेला आवाज सारखा घुमत होता, आणि यंत्राने तो खरा मानला होता.

आज त्याच कानाजवळ टाकलेलं पहिलं जाळं वर आलं. त्यात तीनच घोळी होत्या. तिन्हींची पोटं गाभोळीने, अंड्यांनी तटतटलेली.

हरेशचे वडील, जोमा तांडेल, यांनी जुन्या सवयीने वल्हं पाण्यात उभं धरलं आणि दांड्याला कान लावला. त्यांचे डोळे भरून आले.

"घुमतायत रे. मरायच्या आधी ऐकायला मिळालं."

हरेश खाली मान घालून जाळं झटकत राहिला.

म्हातारा बराच वेळ ऐकत होता. हळूहळू त्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने वाकून तिन्ही मासे उलटून पाहिले.

"घुमतो तो नर, आणि मादी त्याच्या हाकेला येते," तो म्हणाला. "इतके नर घुमतायत, मग जाळ्यात एकही कसा नाही? ह्या पोटुशींना बोलावलं कोणी, पोरा?"