बाराशे वाक्यं

बारा टक्क्यांवर हार्ड डिस्क पुन्हा बंद पडली. पडद्यावरची हिरवी पट्टी थिजली आणि नाहीशी झाली. ग्रंथपालांनी सवयीने भिंतीकडे पाहिलं. तिथे नुसता खिळा होता. घड्याळ चार महिन्यांपूर्वी त्यांनीच उतरवलं होतं.

मनगटावर सव्वातीन झाले होते. पाचच्या आत बाईंचा आवाज परगावच्या दवाखान्यात पोचायला हवा होता.

बाई म्हणजे त्यांची बायको. तीस वर्षं शाळेत शिकवल्यामुळे अख्खं गाव तिला बाई म्हणे, आणि मग तेही म्हणू लागले. तीन आठवड्यांपूर्वी बाईंचं स्वरयंत्र काढलं होतं. त्याआधी दवाखान्याने बाराशे वाक्यांची यादी दिली होती. ती माइकसमोर वाचून रेकॉर्ड करून ठेवली, की त्यावरून एक यंत्र बाईंच्याच आवाजात बोलणार होतं. आवाज पाठवायची मुदत आज संपत होती. पुढची संधी कधी मिळेल, ते कोणालाच सांगता येत नव्हतं.

बाई रोज संध्याकाळी आतल्या खोलीत दार लावून वाचायला बसत. दवाखान्याच्या माणसाने बजावलं होतं, की माइक फार तिखट कानाचा आहे, शेजारच्या खोलीतलं घड्याळसुद्धा टिपेल. म्हणून घड्याळ उतरलं. ग्रंथपालही तेवढा वेळ न्हाणीघरात जाऊन नळ सोडत आणि बादल्या भरत. आयुष्यभर लोकांना गप्प बसवलेला माणूस, पण त्या तासात घरात बसवत नसे.

“दोनच माणसं आपण,” बाई तेव्हा थट्टेने म्हणायच्या, “रोज एवढं पाणी जातं कुठे?”

त्यांनी डिस्क पुन्हा जोडली. बाईंचं सगळं रेकॉर्डिंग असलेली ही मोठी डिस्क होती, वेगळ्या प्लगवर चालणारी. तो प्लग टेबलाखालच्या बोर्डात, बाईंच्या दिव्याच्या प्लगशेजारी. बाई तिथेच खुर्चीत विणत बसल्या होत्या.

कॉम्प्युटरच्या दुकानदाराला सकाळपासून सहा फोन झाले होते. त्याने सांगितलं तसं त्यांनी मधला जोड काढून वायर थेट कॉम्प्युटरच्या मागच्या खाचेत घातली. वेग वाढला, पण डिस्क टिकेना. वायर बदलली. वीज वाचवायची सेटिंग बंद केली. विजेचाच घोटाळा असेल तर बोर्डातलं सगळंच विझेल, असं दुकानदार म्हणाला. पण बाईंचा दिवा एकदाही विझला नव्हता.

“मग डिस्कच गेली, काका,” सातव्या फोनला तो हळूच म्हणाला. “जीव नका काढू स्वतःचा.”

बाईंनी पाटी पुढे केली. तिच्यावर वळणदार अक्षरात होतं, “सोडा आता. मला लिहिता येतं की.”

“तुला येतं गं,” ते म्हणाले. “मला ऐकायचंय.”

बाईंनी पाटी पुसली आणि मान खाली घालून टाके मोजू लागल्या.

चार वाजले. नऊ टक्के. बंद. पुन्हा जोडली. चौदा टक्के. बंद. साडेचारला त्यांच्या हातून चष्मा निसटला आणि टेबलाखाली गेला. ते गुडघ्यांवर बसले, चाचपडून चष्मा लावला आणि तसेच थांबले.

बोर्डावर दोन बटणं होती. एकावर बाईंच्या उजव्या पायाचा अंगठा होता. त्यांच्या डोळ्यांदेखत अंगठा दाबला गेला. वर डिस्कची घरघर थांबली. ते वायर पुन्हा जोडायला गेले, की तोच अंगठा बटण परत चालू करत असणार.

मग त्यांनी तो पाय हलकेच उचलून बाजूला ठेवला, बटण दाबलं आणि उठले. बाईंनी त्यांचं मनगट धरलं. मान हलवत राहिल्या, नाही, नाही.

ऑपरेशननंतर एकही फाइल ऐकायची ग्रंथपालांची हिंमत झाली नव्हती. आता त्यांनी पहिली उघडली.

“मला पाणी हवं आहे,” बाईंचा आवाज म्हणाला. स्वच्छ, वर्गातला. “मला जरा...”

तो तिथेच थांबला. मग भिंतीपलीकडून बादलीत पडणारी धार ऐकू आली, आणि धारेखाली कोणीतरी तोंडात टॉवेल कोंबून रडत होतं. तासभराची फाइल होती. त्यांनी ती पुढे सरकवली. धार, रडणं. दुसरी उघडली. धार, रडणं. मग चाळिसावी. मग शेवटची. तिच्यात अगदी अखेरीस खुर्ची सरकली आणि बाई माइकपासून दूर, भिंतीजवळून, हळू बोलल्या. ते वाक्य यादीत नव्हतं.

“रडून घ्या तुम्ही. मी थांबते.”