मिस्त्रींची चूक

"दोर कापतं हो, दुसरं काय!" लिफ्टवाले मिस्त्री शेजारच्या खुर्चीतल्या बाईंना समजावत होते. "गाठीची पेशी एकीच्या दोन व्हायच्या वेळी आत बारीक बारीक दोर तयार होतात. दोन्हीकडून ओढाओढ, निम्मा माल इकडे, निम्मा तिकडे. आपलं औषध जातं आणि ते दोर कचाकच कापतं. विषय संपला."

मिस्त्रींची केमोची ही चौथी खेप. डोक्यावरचे केस गेले होते, भुवया गेल्या होत्या, आवाज मात्र खणखणीत. चाळीस वर्षं त्यांनी लिफ्टचे दोर तपासले होते आणि तेवढ्या काळात "मिस्त्री, तुमचं चुकलं" असं म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. घरात तर नाहीच नाही.

शेजारच्या बाई बालवाडीत शिकवायच्या. त्यांचा आज पहिलाच दिवस. मनगटाजवळ सुई लावून पट्टी चिकटवून झाली होती. आपल्यालाही आज हेच औषध आहे आणि शिवाय आणखी एक बाटली, एवढं त्यांना डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांनी हाताकडे पाहिलं आणि पायाशी ठेवलेली पिशवी उचलली.

"सिस्टर, ही सुई काढा. मी पुढच्या आठवड्यात येते."

"अहो वहिनी, बसा ना," सोबत आलेली नणंद म्हणाली. वहिनी बसल्या नाहीत. आत कापाकापी होणार हे एकदा डोक्यात शिरलं होतं, ते निघेना.

माणूस सुई लावून खुर्चीत बसल्याशिवाय त्याचं औषध बनवायचं नाही, अशी इथली पद्धत. औषध बनायचं ते पलीकडच्या बंद खोलीत, काचेच्या कपाटात हात घालून. बनवणारी होती मिस्त्रींची मुलगी. वडिलांचं औषध ती स्वतः कधी बनवत नसे, ते सोबतच्या सहकाऱ्याकडे द्यायची. मिस्त्री मात्र दिसेल त्याला सांगत, "आतमध्ये माझी मुलगी आहे."

सिस्टरनी खोलीच्या खिडकीवर टकटक केलं. "अगं, तुझ्या बाबांनी घोळ घातलाय. औषध आत दोर कापतं म्हणाले. नवीन बाई निघाल्या."

पहिल्याच दिवशी उठून गेलेली माणसं पुष्कळदा परत येत नाहीत, आणि येतात तेव्हा गाठ पुढे गेलेली असते. हे मुलीला पक्कं ठाऊक होतं. तिने हातमोजे काढले, झगा काढला. पुन्हा सगळं चढवायचं तर पंधरा-वीस मिनिटं मोडणार होती. मोडू देत.

ती बाहेर आली आणि आधी बाईंपाशी गेली.

"औषध कापत नाही. बाबांचं चुकलंय."

मिस्त्रींनी मान वळवली.

"बाबा, तुम्हीच सांगा. लिफ्ट काय फक्त दोर तुटल्यावरच थांबते?"

"छे! दोर तुटणं लांबची गोष्ट. कप्पीवर अडकला, सरकेनासा झाला, की थांबली जागच्या जागी."

"मग तसंच आहे हे. दोर धड असतात, पण ताठून जातात. त्यांना आखडता येत नाही, मग ओढणार काय? पेशी निम्म्यात अडकते आणि मरते." ती बाईंकडे वळली. "ज्या पेशी सारख्या दोनाच्या चार होतात, त्यांनाच याचा फटका. केसांची मुळं तशीच, म्हणून केस जातात. ते परत येतात. त्रास होतो, खोटं नाही सांगत. पण कापाकापी नाही."

बाईंनी पिशवी मांडीवर घेतली. "आणि दुसरी बाटली? ती यांना नाही."

"तुमच्या गाठीच्या पेशींवर 'वाढा, वाढा' हा निरोप घेणाऱ्या जागा फार आहेत. ते औषध नेमकं त्या जागांवर जाऊन बसतं. निरोप पोचतच नाही. शिवाय शरीराच्या पहारेकऱ्यांना खूण पटते, की हीच ती."

"मग मला का नाही ते?" मिस्त्रींना राहवलं नाही.

"तुमच्या गाठीवर तसल्या जागा नाहीत, बाबा."

"म्हणजे माझी गाठ साधी?"

"गाठ साधी. माणूस अवघड."

बाई हसल्या. आल्यापासून पहिल्यांदाच. मग टेकून बसल्या आणि सुईचा हात खुर्चीच्या दांडीवर सरळ ठेवला.

"बनवा," त्या म्हणाल्या.

मुलगी आत गेली. काचेपलीकडे ती पुन्हा झगा चढवताना दिसत होती. मिस्त्री एकटक तिकडे बघत राहिले. त्यांच्या नळीतून औषध थेंब थेंब उतरत होतं.

नणंदेला वाईट वाटलं. "चारचौघांत बोलली हो तुम्हाला," ती हळूच म्हणाली.

"बोलली ना?" मिस्त्री खुर्चीत ताठ बसले. ऊर भरून आला होता, लपवायचं कशाला? "तोंडावर बोलली. आणि बरोबर बोलली!"

समोरच्या खुर्चीत नुकतेच येऊन बसलेले गृहस्थ घाबरून सुईकडे बघत होते. मिस्त्रींनी त्यांना हाक मारली.

"ओ साहेब, इकडे बघा. मघाशी मी या बाईंना चुकीचं सांगितलं. माझ्या मुलीनं चूक काढली."

दुपारपर्यंत त्यांनी हे आणखी चौघांना ऐकवलं.