पंगतीतलं रिकामं ताट

"शेवटचं ताट भरल्याशिवाय वाढणाऱ्यानं जेवायला बसू नये," असं आईनं गोदाला बजावलं होतं. मंगळावरच्या तळावर गोदा पोळ्या लाटायची. शत्रूच्या हल्ल्यात सगळे अधिकारी पडले, तेव्हा एकोणिसाव्या वर्षी तिनंच तुकडी सावरली, तळ राखला.

विजयाच्या पंगतीत एक ताट रिकामं राहिलं. तुकडीतला सयाजी शत्रूच्या दरीत अडकल्याचं तेव्हाच कळलं. त्याच्याकडे दोन तासांपुरतीच हवा उरली होती.

"एका माणसासाठी तिथं कोण जाणार, पोरी?" म्हातारा, निवृत्त सुभेदार म्हणाला.

"मीच जाते. सगळ्यांना परत आणीन, असा शब्द दिलाय मी. तुम्ही तेवढं वाढा, काका."

सुभेदारानं तिच्या हातातली पळी घेतली. सगळी पंगत उभी राहिली.

"सांभाळून, सेनापती," तो म्हणाला.

देवाला नमस्कार करून गोदा यानाकडे चालू लागली.