सूनबाईची सही

“बिनसहीचा चेक आम्हीसुद्धा परत पाठवायचो,” सासरे खुशीत म्हणाले. त्यांच्या जुन्या डेस्कटॉपने सून मुग्धाने लिहिलेला ड्रायव्हर नुकताच नाकारला होता: ‘प्रकाशक अज्ञात’.

नव्या अपडेटनंतर डेस्कटॉपला इंटरनेट जोडणारं नेटवर्क कार्ड बंद पडलं. कंपनीने केव्हाच हात वर केले होते. म्हणून मुग्धा आणि तिचे देशोदेशीचे मित्र मिळून ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, लिहीत होते. कुणीही तपासावा, कुणीही वापरावा, तोही फुकट. “फुकटच्या मालावर माझा भरवसा नाही,” म्हणत सासऱ्यांनी ऑनलाइन ब्रिजच्या पत्त्यांच्या डावांवर पाणी सोडलं होतं. उभी नोकरी बँकेत सह्या तपासण्यात गेलेली. अजूनही घराचं कुलूप ओढून बघितल्याशिवाय पायरी उतरत नसत.

मग ड्रायव्हरवर डिजिटल सही करण्याचं प्रमाणपत्र मुग्धाच्या नावाने आलं. तिने ड्रायव्हर पुन्हा तयार केला, सहीचं किल्लीएवढं टोकन लॅपटॉपला लावलं, पिन टाकला आणि सही करून तो सासऱ्यांच्या डेस्कटॉपवर आणला.

या वेळी पडद्यावर प्रश्न आला: ‘प्रकाशक: मुग्धा खांबेटे. ड्रायव्हर बसवायचा?’ खाली रिकामी चौकट: ‘या प्रकाशकावर नेहमी विश्वास ठेवा.’

“तिथे टिक नाही केली तरी चालेल, बाबा,” मुग्धा घाईघाईने म्हणाली.

सासऱ्यांनी चष्मा पुसला, नाव अक्षर न् अक्षर वाचलं. आधी चौकटीत टिक केली, मगच ‘बसवा’ दाबलं. कार्डाचा हिरवा दिवा लुकलुकला.

“अगं, ऐकलंस का?” त्यांनी स्वयंपाकघराकडे हाक दिली. “सूनबाईची सही पास!”