निकोचा आवाज

निको दर भागात मरतो आणि पुन्हा उठतो. सोळा वर्षांच्या या सुपरहिरोला मराठीत माझा आवाज आहे, बावन्न वर्षांच्या बाईचा. डबिंगमध्ये पोरांचे आवाज बायकाच देतात.

नव्या सीझनने जिवाला घोर लावला. पहिल्या दोन भागांत हसू आवरेना म्हणून रेकॉर्डिंग थांबवावं लागलं. तिसऱ्यात विनोद आटले, चौथ्यात निको नुसता रडत बसला. मालिका बंद पडेल या धास्तीने मी रटाळ वाक्यांतही जीव ओतत होते.

पाचव्या भागात तो शवपेटीतून उठून बोलला, तर हेडफोनमध्ये जाड, घोगरा आवाज. मूळ नटाचा आवाज फुटला होता. मी सूर खाली नेऊन तीन टेक दिले. काचेपलीकडे दिग्दर्शक अभिरामने नकारार्थी मान हलवली.

“माणिकताई, निकोसाठी आता मुलगाच बघतो. तुम्ही त्याच्या आईचं करा.”

पुढच्या प्रसंगात आई दार उघडते, तर समोर मेलेला मुलगा जिवंत उभा. मी तिचं वाक्य म्हटलं, “बोल काहीतरी. तुझा आवाज ऐकल्याशिवाय मला पटायचं नाही.”

टेक पहिल्याच फटक्यात ओके झाला. निकोने तोंड उघडायच्या आत मी हेडफोन उतरवला.