मधली भिंत

नागपुरातल्या त्या पुराने धम्मानंदांच्या अंगणातलं लॉन गाळाखाली गाडलं, तेव्हा शेजारचा गिरिधर न बोलावता फावडं घेऊन आला. धम्मानंदांच्या दिवंगत बायकोने लावलेली ती हिरवळ वाचावी, म्हणून दोघांनी गाळ उपसला, लोखंडी सब्बलीने जमिनीत भोकं पाडून वाळू भरली. आज पहिले कोंब दिसले. गिरिधरची बायको चहा घेऊन आली आणि सहज म्हणाली, “त्या पहाटे यांनी मधली भिंत फोडून पाणी तुमच्याकडे सोडलं, म्हणून आमच्या सासूबाई वाचल्या, भाऊजी.” धम्मानंदांनी कप खाली ठेवला. भिंत पाण्याने पडली, असं गिरिधरने त्यांना सांगितलं होतं. “खोटं काहून बोलला गा?” त्यांनी गिरिधरला विचारलं. “वहिनीचं लॉन होतं. खरं सांगायची हिंमत नाही झाली.” “मले एक आवाज दिला असता, तर भिंत मीच फोडली असती,” धम्मानंद म्हणाले आणि गिरिधरने निघून जावं म्हणून फाटक उघडून उभे राहिले.